पाण्यातला ण

"तायडे, अजून थोडं गावठी," खांबेटे सर काचेपलीकडून म्हणाले.

"किती थोडं?"

"म्हणजे माणसाने तोंड उघडलं की लोक हसायला लागले पाहिजेत. तितकं."

मी बूथमध्ये उभा होतो. कानावर हेडफोन, समोर माइक, आणि पडद्यावर एक उंचापुरा काळा फ्रेंच माणूस अर्ध्या वाक्यात थिजलेला. तो माझा होता. म्हणजे त्याचा मराठी आवाज मी. त्याआधी कित्येक वर्षं डबिंगमध्ये मी म्हणजे गर्दी होतो. 'साहेब, गाडी आली', 'पकडा त्याला', 'आई गं', हे सगळं मी. गोळी लागून मरणारी माणसं तर इतकी मेली माझ्या घशातून की स्टुडिओत मला स्मशान तायडे म्हणायचे. आता कुठे अख्खा माणूस वाट्याला आला होता, पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत जिवंत राहणारा. आणि त्याने वऱ्हाडी बोलायचं होतं. तेही थोडं जास्तच.

वऱ्हाडी मला येत नव्हती असं नाही. मी मूर्तिजापूरचा. शाळेत जाईपर्यंत दुसरी कुठली मराठी असते हेच मला ठाऊक नव्हतं. राग वऱ्हाडीचा नव्हता. तो गडी काळा होता म्हणून त्याला वऱ्हाडी, आणि वऱ्हाडी आहे म्हणून तायडेला बोलवा, हा जो हिशेब कुणीतरी डोक्यात जमवला होता, त्याचा राग होता.

सिनेमा दोन मित्रांचा होता. गास्तों हा गोरा, गोल, दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षाचे मळे आणि मोठा बंगला असलेला. त्याला बायको घराबाहेर काढते. तेव्हा तो एक जिवंत बदक काखोटीला मारून पॅरिसला येतो, आपल्या जुन्या मित्राच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर. हा मित्र म्हणजे माझा काळा, ओलिव्हिए. सैन्यात दोघं एकाच बराकीत होते, तेव्हापासूनची दोस्ती. मग पुढे दोन तास दोघं भांडतात, रडतात, बदक शोधतात. गास्तोंचा आवाज सौमित्र लेले. बदकाला मराठी आवाज लागला नाही, ते सगळीकडे सारखंच ओरडतं. माझं मत विचाराल तर त्या सिनेमात सगळ्यात इमानदार काम बदकाचंच झालं होतं.

आमच्याकडे जी संहिता आली ती इंग्रजीतून. आमच्या स्टुडिओत फ्रेंच कुणालाच येत नव्हतं. संहितेत ओलिव्हिएच्या नावापुढे फक्त 'शिक्षक' लिहिलेलं. खांबेटे सरांनी तो उंच बघितला, खांदे बघितले, रंग बघितला आणि मराठीत त्याला पीटीचा मास्तर करून टाकला. कुणी विचारलंही नाही. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा खटकलं नव्हतं.

"सर, दोघंही मित्रच आहेत ना," मी म्हणालो. "मग एक शुद्ध बोलतो आणि एक वऱ्हाडी, असं का?"

"वैविध्य, तायडे. चॅनेलकडून स्पष्ट सांगणं आहे, सगळ्या महाराष्ट्राचं प्रतिनिधित्व दिसलं पाहिजे."

"सगळा महाराष्ट्र पीटीचा मास्तरच?"

"तुम्ही वाद फार घालता. हे बघा, मुलुंडला एक मुलगा आहे, तो वऱ्हाडी छान करतो. पण सौमित्र म्हणाला, आपला तायडे अस्सल आहे. म्हणून तुम्हाला बोलावलं. करायचंय की त्याला फोन करू?"

मुलुंडचा मुलगा वऱ्हाडी करतो म्हणे. जशी काही ती मिसळ आहे.

"चहा घेऊन सांगतो," मी म्हणालो.

स्टुडिओ गोरेगावला एका बेकरीच्या वर होता. दिवसभर खालून भाजलेल्या पावाचा वास यायचा आणि सगळ्यांना सारखी भूक लागलेली असायची. लेले जिन्यात चहा घेऊन बसला होता. मी जाऊन त्याच्या वरच्या पायरीवर बसलो, म्हणजे बोलताना त्याला मान वर करावी लागेल.

"तू सुचवलंस माझं नाव?"

"मग काय," लेले खुशीत म्हणाला. "पार्टी कधी देतोस?"

"काय म्हणून सुचवलंस?"

"अरे, तुझ्या तोंडात ती भाषा आहे. फुकट पडून होती इतकी वर्षं. म्हटलं वापर होऊ दे."

"पडून होती? कुणी पाडली होती?"

त्याने चहाच्या कपात बघितलं, कारण पाडणारा तोच होता.

हे सांगायला हवं. मी नाटक शिकायला पुण्याला आलो तेव्हा माझ्या तोंडात ण नव्हता. पानी, लोनी, कोन, बान. पहिल्याच आठवड्यात प्रवेश वाचताना मी राजाच्या भूमिकेत 'मी रनांगनावर मरन पत्करीन' असं म्हणालो आणि वर्गातल्या मुली बाकाखाली गेल्या. प्राध्यापक म्हणाले, हवालदाराच्या भूमिकेला चांगला आहे. त्या संध्याकाळी लेल्या माझ्या खोलीवर आला. तेव्हा ओळखही नव्हती फारशी. आला, कॉटवर बसला आणि म्हणाला, "जीभ उलटी कर. वर टाळूला लाव. आता सोड. म्हण, वाण्याने राणीला पाणी आणून दिलं."

"वान्याने रानीला पानी आनून देल्लं."

त्याने गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने मला टपली मारली. न म्हटलं की टपली, असा नियम. असं पावसाळाभर चाललं. त्या वाण्याने राणीला इतकं पाणी आणून दिलं की राणी बुडून मेली असेल. आणखी एक नियम होता, घरी फोन करतानाही वऱ्हाडी बोलायची नाही, नाहीतर जीभ परत जागेवर जाते. आई फोनवर विचारायची, "तू असा सायबावानी काहून बोलून राह्यला बाबू, कोनी बाजूले बसलं हाय काय?" बाजूला लेल्या बसलेला असायचा, वर्तमानपत्र घेऊन.

त्याच्यावाचून मी आकाशवाणीवर बातम्या वाचण्याच्या परीक्षेत पास झालो नसतो. हे मी कधी नाकारलं नाही. म्हणून तर जिन्यात माझं डोकं जास्त फिरलं.

"टपल्या मारून मारून ण बसवलास," मी म्हणालो. "आणि आता लीड मिळाला तर म्हणतोस, ण बाहेर काढून ठेव, तो इथे चालणार नाही."

"रोल मिळतोय ना देव्या."

"तो काळा आहे म्हणून मी आहे. मी तुझ्यासारखा गोरा आणि घारा असतो तर?"

"मी सुचवलं नसतं तर तू परत मेला असतास. सोमवारच्या सिनेमात तीन मुडदे आहेत."

हे खरं होतं आणि म्हणूनच मला आणखी संताप आला. चहा न घेताच मी वर गेलो आणि सरांना म्हणालो, करतो.

मुडदे नको होते मला. बास झाले होते मुडदे.

पुढचा सीन जेवणाच्या टेबलाचा होता. ओलिव्हिएच्या घरी त्याच्याच शाळेतले चार मास्तर जेवायला आलेत, गास्तों बदक मांडीवर घेऊन बसलाय. गास्तों काहीतरी मागतो, ओलिव्हिए उत्तर देतो, आणि टेबलावरचे सगळे हो हो करून ओलिव्हिएला पावाचे तुकडे फेकून मारतात. इंग्रजी संहितेत होतं, गास्तों म्हणतो 'पाव', ओलिव्हिए म्हणतो 'पाव', सगळे हसतात. बस्स. का हसतात ते नाही.

"यात विनोदच नाही," सर म्हणाले. "आपण घालू. सौमित्र म्हणेल, जरा पाव दे. तायडे, तुम्ही म्हणा, 'घे बे, खाय अन् गप राह्य.' मग सगळे हसतात. जमतंय."

आम्ही दोघं एकाच बूथमध्ये शेजारी उभे. सीन सुरू झाला. लेलेने पाव मागितला, मी खाय अन् गप राह्य म्हणालो, ओठ जुळले नाहीत. त्याचं तोंड एकदाच उघडत होतं आणि लगेच मिटत होतं.

"फार लांब होतंय," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

परत. परत. तोच तुकडा फिरून फिरून येत होता. गास्तोंचं तोंड, मग ओलिव्हिएचं तोंड, मग पाव उडतात. हेडफोनमध्ये मूळ फ्रेंच आवाज बारीक चालू होता. गास्तों म्हणायचा 'पँग'. ओलिव्हिए म्हणायचा 'पँ'. पँग. पँ. मला फ्रेंचचा फ येत नाही, आजही येत नाही. पण त्या पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या डोक्यावर कुणीतरी वर्तमानपत्राची टपली मारल्यासारखं झालं.

"थांबवा," मी म्हणालो.

"आता काय, तायडे?"

"सर, तो पाव देतच नाहीये. हात बघा त्याचा. टोपली जागची हललीसुद्धा नाही."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. टोपली होती तिथेच होती.

"मग काय देतोय?"

"काही देत नाहीये. तो त्याला सुधारतोय. हा म्हणतो पँग, तो म्हणतो पँ. नीट बोल म्हणतोय. हा काळा त्या गोऱ्याचे उच्चार दुरुस्त करतोय, आणि हे त्याचं नेहमीचं आहे म्हणून बाकीचे वैतागून पाव मारतायत."

"तुम्हाला फ्रेंच येतं?"

"नाही सर. पण असं कुणी सुधारलं की कसं दिसतं ते मला चांगलं माहिती आहे. तेवढी एक भुवई बघा त्याची. अशी भुवई मी पुण्यात दोन वर्षं रोज बघितली आहे."

लेलेने पडद्यावरची भुवई बघितली आणि मग आपल्या भुवईवरून हात फिरवला.

सरांना ते पटलं नव्हतं, पण सीन अडला होता. त्यांची भाची पुण्यात फ्रेंचचे क्लास घ्यायची. तिला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मूळ आवाजाचा सीन तिला ऐकवला. पलीकडून आधी नुसतं हसू आलं.

"मामा, फार गोड आहे हे. तो बदकवाला एकदम गावरान बोलतोय. दक्षिणेकडचा हेल आहे त्याचा, पावाला पँग म्हणतात तिकडे. आणि दुसरा त्याला सुधारतोय."

"म्हणजे शुद्ध बोलणारा तो आहे? काळा?"

"शुद्ध म्हणजे काय, पुस्तकासारखं बोलतोय. मागे कुणीतरी म्हणतंय बघ, घरी तरी व्याकरणाचा तास बंद कर. फ्रेंचचा मास्तर असणार तो."

"पीटी नाही शिकवत?"

"पीटी कुठून आली?" भाची म्हणाली. "मामा, तू त्याला पीटीचा मास्तर केलास? काळा आहे म्हणून?"

"आवाज तुटतोय गं तुझा," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आवाज मुळीच तुटत नव्हता.

खालून पावाचा वास येत होता. मी मनातून उड्या मारत होतो. म्हटलं, आता माझा ण बाहेर येणार. दोन तासांचा सिनेमा, व्याकरणाचा मास्तर, शुद्ध मराठी, आणि तो मी. वर्गातल्या त्या बाकाखालच्या मुली आठवल्या. त्यातल्या दोघींची तर आता नावंही माहीत नव्हती, तरी त्यांनी हा सिनेमा बघावा असं फार वाटलं.

खांबेटे सर हुशार होते. दोन मिनिटांत त्यांनी मार्ग काढला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "अदलाबदल करू. गोरा गावठी, काळा शुद्ध. तायडे, तुम्ही गोऱ्याला आवाज द्या, वऱ्हाडीतच. सौमित्र काळा करेल. कुणाचंच नुकसान नाही."

मला हसूच आलं. काय करणार. मला वाटत होतं, तो काळा आहे म्हणून त्याला वऱ्हाडी मिळालीय. तसं नव्हतं. वऱ्हाडी मला मिळाली होती. पडद्यावर कुणीही असो, गोरा असो, काळा असो, उद्या बदक बोलायला लागलं असतं आणि अडाणी निघालं असतं, तर ते बदकही माझ्याकडेच आलं असतं.

"सर," मी म्हणालो, "मला मास्तर करायचाय."

"अहो, पण त्या भाषेचा एक बाज असतो. घरातूनच यावा लागतो तो. तुमचं शुद्ध छान आहे, नाही म्हणत नाही मी. पण शिकलेलं आहे. कळतं ते."

"त्या ओलिव्हिएचंही शिकलेलंच असेल."

"तायडे, मुलुंडला फोन करू का मी?"

इथे मी लेलेकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. त्याचं काही अडलेलं नव्हतं. त्याला बसल्या जागी शुद्ध बोलणारा शहाणा माणूस मिळत होता, जसे त्याला नेहमीच मिळायचे. गोऱ्यापेक्षा काळ्याचा रोल मोठाही होता. त्याने नुसतं 'चालेल' म्हटलं असतं तर विषय संपला असता, आणि बहुतेक आमची दोस्तीही. मी माइकच्या दांड्याकडे बघत उभा राहिलो.

"माझा गोरा मी सोडणार नाही," लेले म्हणाला.

"सौमित्र, तुला वऱ्हाडी येते का?"

"नाही."

"मग?"

"हा शिकवेल."

"अरे, एका दिवसात भाषा येते का? आणि तुझ्यासारख्या आवाजाने गावठी का बोलायचं?"

"सर, याचा ण मी बसवलाय," लेले म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता, जो एरवी कधीच चढायचा नाही. "पावसाळाभर, रोज. याच्यावर मी घेतली तितकी मेहनत माझ्या बापाने माझ्यावर घेतली नाही. तो ण असा बदकाबरोबर वाया घालवायचा नाही मला. मुलुंडला फोन करायचा तर दोन मुलं मागवा. मी पण चाललो."

लेलेचं जाणं सरांना परवडणारं नव्हतं. जाहिराती, बातम्या, सिनेमे, त्यांची निम्मी कामं त्या एका गळ्यावर चालायची. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर अदलाबदल."

आम्ही परत जिन्यात गेलो. मी बेकरीतून कालचं वर्तमानपत्र मागून आणलं आणि गुंडाळलं.

"हे काय?" लेले म्हणाला.

"नियम तोच. ण म्हटलं की टपली. म्हण, मले पानी दे बे."

"मले पाणी दे बे."

टपली.

"मले पाणी..."

टपली.

"अरे, होत नाहीये," लेले डोकं चोळत म्हणाला. "जीभ आपोआप वर जाते."

"तिला खाली बसव. तुझ्या जिभेला फार वर राहायची सवय आहे. दातांमागे टेकव, आळसात. पानी."

"पाण्... पा... प्यानी."

"प्यानी कोण देतो? पानी."

मला वाटायचं न सोपा असतो. कुणीही म्हणेल. पण लेलेच्या घरात सात पिढ्या कुणी तो चुकीच्या जागी वापरलाच नव्हता. बिचाऱ्याचा घाम निघाला. बेकरीतले दोन कारागीर पिठाच्या हातांनी येऊन बघत उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, वर काहीतरी मारामारीचा सिनेमा चालू आहे.

"तू काय हसतोस?" लेले मला म्हणाला.

"वाण्याने राणीला पाणी दिलं आठवतंय?"

"वान्याने रानीला पानी देल्लं," तो एका दमात म्हणाला.

एकही ण आला नव्हता. मग त्याने स्वतःच माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं आणि मला एक टपली मारली, उगाचच, आनंदाने.

हे एकदा बसल्यावर तो सुटलाच. वर येऊन त्याने सरांनाच 'तुमी काहून एवढे वैतागून राह्यले' म्हणून विचारलं. आम्ही सीन घेतला. पावाच्या टोपलीशेजारी पाण्याची बाटली होती, तेव्हा पावाचं पाणी करून टाकलं. ओठ तर काय, दोन्हीकडे प वरच मिटत होते. पँगच्या जागी पानी, पँच्या जागी पाणी, अगदी मापाचं बसलं.

"मले पानी दे बे जरा," गास्तों म्हणाला.

"पाणी," ओलिव्हिए म्हणाला.

मी तो ण असा काही लावला की बूथमध्ये घुमला. जीभ टाळूपर्यंत नेली, तिथे क्षणभर ठेवली आणि सोडली. त्या एका ण मध्ये माझी पुण्यातली दोन वर्षं होती आणि सगळे मुडदे होते. पडद्यावर पाव उडाले. लेले हसायला लागला, खरंखुरं, न आवरणारं, आणि त्याच्यामागे मी. ते हसू रेकॉर्ड झालं. सर म्हणाले, राहू दे, बरं वाटतंय. पीटीच्या मास्तराचे सगळे संवाद त्यांनी रात्री बसून बदलले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी मी मराठीचा मास्तर होतो. फ्रान्समधला मराठीचा मास्तर. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

सिनेमा एका रविवारी दुपारी टीव्हीवर लागला. मी आईला आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. पहिल्यांदाच न मरणारा रोल, पहिल्यांदाच दोन तास आवाज. तिने गल्लीतल्या बायका बोलावल्या, पोहे केले. सिनेमा संपल्यावर मी जेवलो नाही, फोनजवळ बसून राहिलो. लेलेही माझ्याच खोलीवर होता. शेवटी मीच फोन लावला.

"कसा वाटला सिनेमा, आई?"

"लय चांगला व्हता बाबू. हसून हसून पोट दुखलं आमचं. त्या कमलाबाईले तं ठसकाच लागला."

"माझं काम आवडलं?"

"आवडलं नाई तं काय. तो बदकवाला पोट्टा. त्यानं तोंड उघडलं अन् म्या म्हनलं बायांले, हा पाहा, हा आपला देवानंद."

मी लेलेकडे बघितलं. तो खुणेने विचारत होता, काय म्हणते, काय म्हणते.

"आई, तो मी नव्हतो. तो लेले. माझा मित्र, पुण्याचा."

"पुन्याचा?" आई म्हणाली. "एवढा चांगला बोल्ला तो, अन् पुन्याचा? मंग तू कोठी व्हता?"

"मी तो दुसरा. काळा. मास्तर."

पलीकडे बायकांचा आवाज येत होता, भांडी वाजत होती.

"तो तू व्हता?"

"हो."

"म्या तं ओयखलंच नाई तुले," ती म्हणाली. "बायांले म्हनलं, हे कोनी शिकलेलं लेकरू दिसते, मोठ्या घरचा."

मी आयुष्यभर ज्यासाठी टपल्या खाल्ल्या ते मला मिळालं होतं. इतकं अस्सल मिळालं होतं की माझ्या आईलाही कळलं नव्हतं. छाती फुगायला हवी होती. मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. लेलेने उठून मला पाण्याचा पेला आणून दिला.

"चांगलं बोल्ला तू," आई म्हणाली. तिला कळलं असावं, कारण तिचा आवाज उतरला. "सायबावानीच बोल्ला. त्या तुह्या दोस्ताले घेऊन ये एकडाव जेवाले. आनशीन?"

"आणतो."

"घरी तं आनतो म्हन बाबू."

मी म्हणायला गेलो. जीभ आपोआप वर गेली. परत गेलो, परत वर. लेले समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने हळूच बाजूचं वर्तमानपत्र उचललं आणि गुंडाळायला लागला.